थायरॉइड काढल्यानंतरचे कॅल्शियम

थायरॉइड ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्ण काढल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातले कॅल्शियम उतरणे, ही या शस्त्रक्रियेची सर्वांत जास्त आढळणारी गुंतागुंत आहे. रुग्णाला धास्ती असते ती आवाज जाण्याची किंवा गळ्यात रक्त साठण्याची. पण या दोन्ही गोष्टी तुलनेने विरळ घडतात. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले, तर संपूर्ण थायरॉइड काढलेल्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण वीस ते तीस जणांचे कॅल्शियम काही काळ उतरते आणि सुमारे एक ते तीन जणांचा हा त्रास कायमचा होतो. अर्धीच ग्रंथी काढलेल्या रुग्णात हा प्रश्न क्वचित उद्भवतो.

कॅल्शियम म्हटले की दूध, हाडे आणि म्हातारपण आठवते. त्यामुळे ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरले असे कळताच घरची मंडळी आहार वाढवण्याच्या मागे लागतात. वस्तुतः हा आहारातला तुटवडा नसतो. कॅल्शियमची रक्तातली पातळी सांभाळणाऱ्या ग्रंथींना शस्त्रक्रियेत धक्का बसलेला असतो, आणि उपचाराची सगळी दिशा त्यावरून ठरते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे: या ग्रंथी कोणत्या, त्या का बंद पडतात, ते ओळखायचे कसे आणि रुग्ण घरी गेल्यावर काय सांभाळायचे.

चार छोट्या ग्रंथी

थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून असते. निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन साधारण पंधरा ते पंचवीस ग्रॅम भरते. तिच्या मागच्या अंगाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. प्रत्येकीचा आकार मसुरीच्या दाण्याएवढा, वजन तीस ते पन्नास मिलिग्रॅम, रंग पिवळसर तपकिरी. आजूबाजूच्या चरबीत आणि लसिकागाठींत त्या सहज मिसळून जातात. शेजार जवळचा असला तरी थायरॉइड आणि पॅराथायरॉइड यांची कामे पूर्णपणे वेगळी आहेत.

सगळ्यांत चारच ग्रंथी असतात असेही नाही. स्वीडनमध्ये पाचशेहून अधिक शवविच्छेदनांच्या अभ्यासात ८४ टक्के शरीरांत चार, १३ टक्के शरीरांत चाराहून अधिक आणि ३ टक्के शरीरांत तीनच ग्रंथी सापडल्या. गर्भावस्थेत वरच्या दोन ग्रंथींना फारसा प्रवास करावा लागत नाही, म्हणून त्या बहुधा ठरावीक जागी मिळतात. खालच्या दोन छातीतल्या थायमस ग्रंथीबरोबर खाली उतरतात. त्यामुळे त्या जबड्याखालपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत कुठेही असू शकतात. शिवाय चारही ग्रंथींना रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक असतात आणि त्या मुख्यतः थायरॉइडच्या खालच्या धमनीतूनच फुटतात. एखादी ग्रंथी जागेवर शाबूत दिसते, पण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. अशी ग्रंथी असून नसल्यासारखीच.

कॅल्शियमचा हिशेब

प्रौढ शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेल्या अल्पशा भागातून रक्ताची पातळी राखली जाते. रक्ताच्या दर डेसिलिटरमध्ये साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा. यातलेही जवळपास निम्मे कॅल्शियम अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना किंवा इतर क्षारांना बांधलेले असते. शरीराच्या कामी येते ते मोकळे, म्हणजे आयनरूप कॅल्शियम. मज्जातंतूंमधून संदेश जाणे, स्नायू आखडणे आणि सैल पडणे, हृदयाचा ठेका, रक्त गोठणे ही सर्व कामे त्याच्यावर चालतात. ते कमी झाले की मज्जातंतू अवाजवी उत्तेजित होतात. कोणी न सांगता संदेश सुटू लागतात आणि स्नायू आपोआप आखडतात.

ही पातळी राखण्याचे काम पॅराथायरॉइडमधून स्रवणारे पॅराथायरॉइड हार्मोन करते. त्याचे कार्य तीन ठिकाणी चालते. हाडांतून ते कॅल्शियम सोडवून घेते. मूत्रपिंडात लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवते आणि फॉस्फरस बाहेर टाकते. मूत्रपिंडातच ते ड जीवनसत्त्वाला क्रियाशील रूप देते, आणि या रूपामुळे आतड्यातून अन्नातले कॅल्शियम शोषले जाते. हार्मोन रक्तात फार टिकत नाही. काही मिनिटांतच त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून ग्रंथी बंद पडल्या की हार्मोन तासाभरात घसरते. कॅल्शियम मात्र सावकाश उतरत जाऊन बहुधा २४ ते ७२ तासांच्या दरम्यान तळ गाठते. ऑपरेशन सुखरूप पार पडून, जखम चांगली दिसत असताना, रुग्ण जेवूखाऊ लागल्यावर हा त्रास का सुरू होतो, याचे उत्तर या अंतरात आहे.

शोधाची वाट

या ग्रंथींचे पहिले वर्णन एका भारतीय एकशिंगी गेंड्यामुळे झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलेला हा गेंडा १८४९ मध्ये मेला. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले तेव्हा थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा, पिवळसर ग्रंथीचा गोळा त्यांना दिसला. तो काय करतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. माणसातल्या पॅराथायरॉइडचे सविस्तर वर्णन स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील ईवार सँडस्ट्रोम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी पन्नास मृतदेह तपासले होते. त्या काळी या कामाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

त्याच सुमारास व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ आणि स्वित्झर्लंडमधील बर्नमध्ये थिओडोर कोखर हे दोन मोठे शल्यचिकित्सक गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत होते. बिलरोथ यांच्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर हातपाय वळण्याचे झटके येत. त्यांचे सहकारी अँटोन व्योल्फलर यांनी ही निरीक्षणे नोंदवली. कोखर यांच्या रुग्णांना झटके क्वचित येत, पण काही महिन्यांनी ते सुजट, मंद आणि सुस्त होत. अमेरिकेतील विल्यम हाल्स्टेड यांनी पुढे याची संगती लावली. कोखर यांचा हात संथ आणि काटेकोर. ते रक्त जवळपास न सांडता संपूर्ण थायरॉइड काढत. त्यामुळे पॅराथायरॉइड वाचत, पण थायरॉइडच्या हार्मोनचा अभाव होई. बिलरोथ यांची पद्धत वेगवान होती. तीत थायरॉइडचा थोडा भाग मागे राही आणि पॅराथायरॉइडला मात्र इजा होई. शस्त्रक्रिया एकच असली तरी हाताच्या वळणानुसार तिचे परिणाम बदलत होते. कोखर यांना थायरॉइडवरील कार्यासाठी १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

फ्रान्समधील यूजेन ग्ले यांनी १८९१ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून या छोट्या ग्रंथींचा झटक्यांशी संबंध असल्याचे पुढे आणले. त्यानंतर अमेरिकेत मॅककॅलम आणि व्होग्टलिन यांनी १९०९ च्या सुमारास दाखवले की पॅराथायरॉइड काढलेल्या कुत्र्यांचे झटके कॅल्शियमचे क्षार दिल्यावर थांबतात. आजही तातडीच्या उपचाराचा पाया हाच आहे.

ग्रंथी का बंद पडतात

पहिले कारण म्हणजे रक्तपुरवठ्याला बसलेला धक्का. थायरॉइड सुटी करताना बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, बांधल्या जातात किंवा डागण्याच्या यंत्राच्या उष्णतेने बंद होतात. रक्त परत नेणाऱ्या शिरा दबल्या तर ग्रंथी सुजून काळपट पडते. अशा ग्रंथींपैकी बऱ्याचशा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पुन्हा काम करू लागतात. तात्पुरत्या त्रासाचे मूळ बहुतांशी इथेच असते. दुसरे कारण म्हणजे ग्रंथी नकळत निघून जाणे. ती कधी थायरॉइडच्या आवरणाखाली दडलेली असते, तर कधी लसिकागाठींबरोबर बाहेर येते, आणि पॅथॉलॉजीच्या अहवालात तिचा उल्लेख येतो तेव्हाच कळते. चारांपैकी एक निरोगी ग्रंथी नीट चालली तरी बहुतेकांचे भागते. म्हणून एक ग्रंथी गेली म्हणजे आजार झालाच असे नाही.

तिसरे कारण निराळे आहे. ग्रेव्हज आजारात थायरॉइडचे हार्मोन दीर्घकाळ वाढलेले असते आणि त्याने हाडे झिजलेली असतात. ग्रंथी काढताच हाडांची झीज थांबते आणि ती रक्तातले कॅल्शियम भराभर ओढून घेऊ लागतात. याला भुकेल्या हाडांचा विकार म्हणतात. इथे पॅराथायरॉइड हार्मोन कमी नसते, उलट वाढलेले असू शकते.

धोका कोणाला अधिक, हे यावरून उघड होते. कर्करोगामुळे ग्रंथीबरोबर गळ्याच्या मध्यभागातल्या लसिकागाठी काढलेले रुग्ण, ग्रेव्हज आजाराचे रुग्ण, छातीत उतरलेला मोठा गलगंड असलेले रुग्ण आणि त्याच जागी दुसऱ्यांदा ऑपरेशन होणारे रुग्ण यांत आघाडीवर असतात. ऑपरेशनपूर्वी ड जीवनसत्त्व कमी असेल, किंवा आतड्याच्या वा जठराच्या शस्त्रक्रियेमुळे शोषण घटलेले असेल, तर भर पडते. थायरॉइडचे आजारच स्त्रियांत कितीतरी जास्त असल्याने या गुंतागुंतीच्या रुग्णांतही स्त्रियांची संख्या मोठी असते.

लक्षणे

सुरुवात बहुधा ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येण्यापासून होते. ओठ बधिर वाटतात, हाताच्या आणि पायाच्या बोटांत सुया टोचल्यासारखे होते. मग पोटऱ्यांत गोळे येतात, हात जड आणि ताठ वाटू लागतात. पातळी आणखी खाली गेली की हाताचा अंगठा तळव्याकडे वळतो, बोटे सरळ राहून एकमेकांना चिकटतात आणि मनगट वाकते. पायाचे पंजेही आत वळतात. गंभीर अवस्थेत स्वरयंत्राचे स्नायू आखडून श्वास घरघरतो, फिट येते, हृदयाचा ठेका बिघडतो. ईसीजीत क्यूटी नावाचा कालावधी लांबलेला दिसतो.

या लक्षणांचे अर्थ घरोघर वेगवेगळे लावले जातात. अशक्तपणा, वात, भीती, झोपेत हात अंगाखाली येणे अशी कारणे सांगून दोन दिवस निघून जातात. सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. दिवसभर बोटांवर काम चालत असताना बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, तर दोष कामावर ढकलला जाणे साहजिक आहे. गळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल तर त्या मुंग्यांचा पहिला अर्थ कॅल्शियम हाच घ्यावा.

घाबरल्यावर श्वास जोरात आणि भराभर चालू लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन रक्त अधिक अल्कधर्मी बनते आणि मोकळे कॅल्शियम प्रथिनांना आणखी बांधले जाते. म्हणजे त्रासाने भीती वाढते आणि भीतीने त्रास. म्हणून नुसती भीती वाटते आहे, असे म्हणून अशा रुग्णाला परत पाठवणे धोक्याचे ठरते.

खाटेपाशी करता येण्याजोग्या दोन जुन्या परीक्षा आहेत. कानापुढे चेहऱ्याच्या मज्जातंतूवर बोटाने हलके ठोकले असता ओठाचा कोपरा फडफडणे, हे ख्वोस्टेक यांनी १८७६ मध्ये वर्णिलेले चिन्ह. ते काही निरोगी माणसांतही दिसते, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबता येत नाही. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून वरच्या दाबाहून वीस मिलिमीटर जास्त फुगवून तीन मिनिटे ठेवल्यावर हात वळणे, हे फ्रेंच वैद्य त्रूसो यांनी १८६१ मध्ये नोंदवलेले चिन्ह. ते अधिक भरवशाचे आहे.

तपासण्या

शस्त्रक्रियेनंतर रक्तातले कॅल्शियम पहिल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि गरजेप्रमाणे पुढे तपासतात. एकूण कॅल्शियम वाचताना अल्ब्युमिनही पाहावे लागते. अल्ब्युमिन चार ग्रॅमच्या खाली जितके ग्रॅम असेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवण्याची पद्धत आहे. आयनरूप कॅल्शियम थेट मोजता आले तर हा हिशेब करावा लागत नाही.

एका आकड्यापेक्षा आकड्यांचा कल महत्त्वाचा. सकाळी ८.४ आणि संध्याकाळी ७.८ आलेला रुग्ण काळजीचा. दोन्ही वेळा ८.१ आलेला आणि तक्रार नसलेला रुग्ण तितका नाही. पॅराथायरॉइड हार्मोन मोजण्याची सोय असेल तर निर्णय आणखी लवकर घेता येतो, कारण कॅल्शियम उतरण्याआधी काही तास हार्मोन उतरलेले असते. ग्रंथी काढून वीस मिनिटे किंवा अधिक वेळ झाल्यावर ते दर मिलिलिटरला पंधरा पिकोग्रॅम किंवा त्याहून जास्त आले, तर मोठ्या त्रासाची शक्यता कमी, असा अमेरिकेतील थायरॉइड संघटनेचा २०१८ मधील अभिप्राय आहे. मॅग्नेशियमही तपासायला हवे. ते कमी असेल तर पॅराथायरॉइडचे काम मंदावते आणि कितीही कॅल्शियम दिले तरी पातळी हलत नाही.

उपचार

त्रास सौम्य असेल तर तोंडावाटे कॅल्शियम देतात. कार्बोनेट हा सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा क्षार. त्यात ४० टक्के प्रत्यक्ष कॅल्शियम असते, म्हणजे १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटमधून ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. गोळीच्या वेष्टनावर यातला कोणता आकडा ठळक छापला आहे, हे पाहिल्याशिवाय मात्रा कळत नाही. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे, कारण त्याच्या शोषणाला जठरातले आम्ल लागते. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना सायट्रेट अधिक सोयीचे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम २१ टक्केच असल्याने गोळ्या जास्त लागतात. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला एक ते तीन ग्रॅम प्रत्यक्ष कॅल्शियम, तीन-चार वेळा विभागून, ही सर्वसाधारण मात्रा.

सोबत कॅल्सिट्रिऑल लागते. दर आठवड्याला घ्यायची साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आता घरोघर माहीत झाली आहे. तिच्यातले ड जीवनसत्त्व कच्च्या रूपातले असते. त्याला क्रियाशील करण्यासाठी मूत्रपिंडाला पॅराथायरॉइड हार्मोनची आज्ञा लागते, आणि या रुग्णांत नेमके तेच नसते. कॅल्सिट्रिऑल हे तयार, क्रियाशील रूप आहे. पुडी घेतली म्हणून कॅल्सिट्रिऑल बंद करणे ही चूक महागात पडते.

हात वळले, श्वास घरघरला, फिट आली किंवा कॅल्शियम साडेसातच्या खाली गेले, तर शिरेवाटे उपचार करावा लागतो. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे दहा ते वीस मिलिलिटर द्रावण सलाईनमध्ये किंवा डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून साधारण दहा मिनिटांत, हृदयाकडे लक्ष ठेवून देतात. घाईने दिले तर हृदयाची गती मंदावू शकते. एका दहा मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे ९० मिलिग्रॅमच असते, त्यामुळे आराम मिळाला तरी तो टिकत नाही. मागोमाग संथ धार आणि तोंडावाटे औषधे चालू ठेवावी लागतात. शिरेबाहेर द्रावण सांडल्यास कातडी जळते. बायकार्बोनेट, फॉस्फेट किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन त्याच नळीतून देऊ नये; साका तयार होतो. कॅल्शियम ग्लुकोनेट देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ते महागही नाही.

थायरॉइड काढलेल्या रुग्णाला थायरॉक्सिनची गोळीही जन्मभर लागते. ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि कॅल्शियमपासून निदान चार तास दूर ठेवावी. दोन्ही एकत्र घेतल्यास कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडकवते आणि गोळी घेऊनही तिचा अंमल कमी पडतो.

दूध, चुना आणि ऊन

ज्वारीची भाकरी सोलापूरच्या जेवणाचा कणा. पण शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमपेक्षाही कमी भरते. नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास, तिळात हजाराहून अधिक, गाईच्या दुधात सुमारे १२०. निरोगी प्रौढाची रोजची गरज एक ग्रॅम धरली जाते. ती भागवायला नाचणी, तीळ, दूध उपयोगी आहेतच. पण पॅराथायरॉइड बंद पडलेल्या रुग्णाचे आतडे अन्नातले कॅल्शियम पुरेसे शोषत नाही, आणि दोन ग्रॅम कॅल्शियमसाठी दीड लिटरहून अधिक दूध लागेल. दुधातला फॉस्फरस हीही एक अडचण आहे, कारण या आजारात रक्तातला फॉस्फरस आधीच वाढलेला असतो.

पानाचा चुना गव्हाच्या दाण्याएवढा खावा, हा सल्ला अनेकांच्या तोंडी असतो. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्क. त्याची मात्रा मोजता येत नाही, शुद्धतेची हमी नसते आणि तोंड व अन्ननलिका भाजण्याचा धोका असतो. औषध म्हणून त्याला इथे स्थान नाही. उन्हाचेही तसेच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे नेणाऱ्या या जिल्ह्यातही घराबाहेर न पडणाऱ्या, अंगभर कपडे घालणाऱ्या माणसांत ड जीवनसत्त्व कमी सापडते. ऑपरेशनपूर्वी ते भरून काढणे फायद्याचे असते. ऑपरेशननंतर केवळ उन्हात बसून बंद पडलेल्या ग्रंथीची उणीव भरत नाही.

त्रास कायमचा झाला तर

बहुतेकांची औषधे काही आठवड्यांत कमी करता येतात. सहा महिन्यांनंतरही औषधांवाचून पातळी टिकत नसेल तर आजार कायमचा मानतात; काही तज्ज्ञ एक वर्ष थांबतात. कायमच्या आजारात उद्दिष्ट बदलते. कॅल्शियम मर्यादेच्या मध्यावर नेण्याचा आग्रह धरत नाहीत. ते खालच्या टोकाजवळ, पण लक्षणे होणार नाहीत इतके ठेवतात. हार्मोन नसल्याने मूत्रपिंड कॅल्शियम अडवत नाही, आणि औषधे वाढवली की ते लघवीत उतरते. परिणामी मूतखडे होतात, मूत्रपिंडात चुन्याचे कण साठतात आणि त्याचे काम घटते. म्हणून रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि चोवीस तासांच्या लघवीतले कॅल्शियम ठरावीक अंतराने पाहावे लागते. काहींना लघवीतले कॅल्शियम घटवण्यासाठी थायझाइड गटातले औषध देतात. मोतीबिंदू लवकर होणे आणि मेंदूच्या काही भागांत कॅल्शियम साठणे हे दीर्घकाळाचे परिणाम आहेत. नसलेले हार्मोन बाहेरून देण्याचे प्रयत्नही पुढे गेले आहेत. पालोपेगटेरिपॅराटाइड हे रोज टोचण्याचे औषध युरोपात २०२३ मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये मान्य झाले.

असा रुग्ण दैनंदिन आयुष्य नीट जगू शकतो, पण औषधाचा एका दिवसाचा खंडही त्याला महाग पडतो. एकादशी, नवरात्राचे उपवास किंवा रमजानचे रोजे यांत गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून आधी ठरवून घ्याव्यात. आषाढीला पंढरपूरची वाट चालणाऱ्याने किंवा कोजागिरीला तुळजापूरला पायी निघालेल्याने गोळ्या कमरेच्या पिशवीत ठेवाव्यात. उलट्या-जुलाब झाले तर गोळ्या अंगी लागत नाहीत; अशा वेळी त्याच दिवशी रक्त तपासावे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मात्रा बदलते.

टाळता येण्याजोगे

सर्वांत मोठा बचाव शस्त्रक्रियेचा निर्णय घेतानाच होतो. एकाच बाजूला गाठ असेल किंवा कर्करोग लहान आणि कमी धोक्याचा असेल, तर अर्धी ग्रंथी काढून भागते का, याचा विचार आता जगभर केला जातो. संपूर्ण ग्रंथी काढायचीच असेल तर शल्यचिकित्सक थायरॉइडच्या आवरणाला धरून काम करतात, खालच्या धमनीचे मूळ न बांधता ग्रंथीलगतच्या फांद्या बांधतात आणि प्रत्येक पॅराथायरॉइड तिच्या रक्तवाहिनीसह मागे ठेवतात. एखादी वाचवता आली नाही तर तिचे मिलिमीटरभराचे तुकडे करून मानेच्या स्नायूत रुजवतात. काही आठवड्यांत ते काम करू लागू शकतात. नियर-इन्फ्रारेड प्रकाशात या ग्रंथी स्वतःहून चमकतात, हे अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर आधारित उपकरणांना २०१८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. उपकरण नसले तरी अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या हातांत कायमचा त्रास कमी होतो, हे अनेक देशांच्या अनुभवाने दिसले आहे.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून चालू आहे. शहरातल्या सरकारी, सहकारी आणि खाजगी रुग्णालयांत अक्कलकोट, बार्शी, करमाळा, सांगोला इथूनच नव्हे, तर धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी इथूनही रुग्ण येतात. यांतली काही गावे शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडलेला रुग्ण एसटीत बसतो, आणि कॅल्शियम तळ गाठण्याची वेळही तीच असते. म्हणून धोका जास्त असलेल्या रुग्णाला पातळी स्थिर होईपर्यंत ठेवून घेणे, किंवा घरी सोडताना कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल सुरू करून देणे, या दोन्ही गोष्टी इथे अधिक गरजेच्या ठरतात.

त्याबरोबर एक कागदही द्यायला हवा. सोलापूर मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलते. तो कागद रुग्णाच्या भाषेत असावा आणि घरातल्या एका माणसाला वाचून दाखवावा. त्यात चार ओळी पुरेत. ओठांना किंवा बोटांना मुंग्या आल्या तर ठरवून दिलेली जादा कॅल्शियमची मात्रा घ्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. अर्ध्या-एक तासात आराम पडला नाही, हात वळले किंवा श्वास अडकला, तर जवळच्या रुग्णालयात जाऊन थायरॉइड काढल्याचे सांगावे आणि कॅल्शियम तपासायला लावावे. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. बरे वाटले म्हणून कोणतीही गोळी आपणहून बंद करू नये. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने हा कागद छापावा, आणि तो हातात पडल्याशिवाय रुग्णाच्या नातेवाइकांनी घरी निघू नये.